शाळेचे ग्रंथालय स्वच्छ आणि सुस्थितीत कसे ठेवावे : नव्याने कार्यभार घेणाऱ्या शिक्षकांसाठी

पुण्यातील अनेक शाळांत पूर्णवेळ ग्रंथपाल नसतो आणि ग्रंथालयाचा कार्यभार एखाद्या भाषाशिक्षकाकडे सोपवला जातो. माझ्याकडेही तो असाच आला. किल्ल्यांचा जुडगा, पाने सुटू लागलेली दाखलनोंद वही आणि काचेच्या कपाटांत दाटीने भरलेली पुस्तके माझ्या स्वाधीन झाली, परंतु ती सांभाळायची कशी हे सांगणारे कोणी नव्हते. पहिल्याच पावसाळ्यात पश्चिमेच्या भिंतीला टेकवलेल्या कपाटातील मागच्या रांगेला बुरशी लागली, आणि ती पुस्तके वाचवण्याच्या घाईत मी केलेल्या उपायांमुळे त्यांतील काही कायमची खराब झाली. ती वेळ तुमच्यावर येऊ नये म्हणून हे लिहीत आहे.

त्या वर्षी माझी एक समजूत बदलली. ग्रंथालयाची स्वच्छता म्हणजे धूळ झटकणे, असे मी धरून चाललो होतो. प्रत्यक्षात पुस्तकांचा पहिला शत्रू ओल आहे. धूळ हवेतील दमटपणा धरून ठेवते, दमट धुळीवर बुरशी येते, आणि ओलीच्या मागोमाग कसर (कागद कुरतडणारा चंदेरी किडा) आणि वाळवी येतात. त्यामुळे खालील पायऱ्या मी पुण्याच्या ऋतूंना धरून लावल्या आहेत.

१. पुस्तकांना हात लावण्यापूर्वी कागद पाहा

कार्यभार घेताना पुढील कागद मागून घ्यावेत आणि जे मिळाले नाहीत त्यांची नोंद हस्तांतरणाच्या पत्रावर दोघांच्या सह्यांसह करावी.

- दाखलनोंद वही, म्हणजे प्रत्येक पुस्तकाचा दाखल क्रमांक, लेखक, किंमत आणि खरेदी किंवा देणगी यांची नोंद असलेली वही
- विद्यार्थी आणि शिक्षक यांच्या देवघेव नोंदवह्या
- मागील पडताळणीचा अहवाल
- पूर्वी निर्लेखित केलेल्या, म्हणजे नोंदीतून रीतसर कमी केलेल्या पुस्तकांची यादी आणि त्याबाबतचा ठराव
- बांधणीसाठी बाहेर दिलेल्या पुस्तकांची यादी
- कपाटे, टेबले, पंखे यांच्या नोंदीचे डेड स्टॉक रजिस्टर

दाखलनोंद वहीचे प्रत्येक पान मोबाइलवर छायाचित्रित करून ठेवा. ही वही हरवली किंवा भिजली, तर कोणते पुस्तक शाळेचे आहे हे ठरवायला दुसरा आधार उरत नाही. संगणकावरील यादी पुढे करता येईल. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राची ई-ग्रंथालय ही प्रणाली आहे आणि दोन-तीन हजार पुस्तकांच्या शाळेला साधा एक्सेलचा तक्ताही पुरतो. तरीही मूळ वही टाकून देऊ नका.

२. एक दिवस केवळ पाहणीसाठी ठेवा

पहिल्या दिवशी झाडू हातात घेऊ नका. एक वही आणि बॅटरी घेऊन खोलीभर फिरा आणि दिसेल ते लिहून काढा. भिंतीला लोणा लागला आहे का, रंगाचे पापुद्रे कोठे सुटले आहेत, छताला पाण्याचा डाग आहे का, वरच्या मजल्यावरचे स्वच्छतागृह किंवा पाण्याची टाकी नेमकी या खोलीवर येते का, हे पाहा. आपल्याकडे मोसमी वारे नैऋत्येकडून आणि पश्चिमेकडून येतात, त्यामुळे त्या बाजूच्या खिडक्यांतून झड आत येते. त्या खिडक्यांखाली कोणती कपाटे आहेत, याची विशेष नोंद करा.

कपाटाची मागची बाजू आणि भिंत यांत किमान चार-पाच बोटांची फट असली पाहिजे. माझ्या पहिल्या वर्षीचे नुकसान या फटीच्या अभावामुळे झाले होते. भिंतीतील ओल थेट कपाटाच्या पत्र्याला लागत होती, मागे हवा खेळत नव्हती, आणि पुढची रांग कोरडी दिसत असल्याने मागच्या रांगेचा संशय कोणालाही आला नाही. लाकडी कपाटांच्या पायांपाशी मातीच्या बारीक नळ्या दिसल्या तर ती वाळवीची वाट असते. पुस्तकांखाली पिठासारखा भुसा दिसला तर पुस्तके पोखरणारा किडा आत आहे असे समजावे, आणि मुखपृष्ठावर किंवा कण्यावर खरवडल्यासारखे वेडेवाकडे ओरखडे असतील तर ते कसरीचे काम असते, कारण तिला खळ आणि पिष्ट आवडते.

सर्वांत खालच्या फळीचे जमिनीपासूनचे अंतर मोजा. ते वीतभर तरी हवे. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले तेव्हा नदीकाठच्या पेठांतील घरांत पाणी शिरले, ही आठवण जुन्या पुणेकरांच्या घरांत अजून सांगितली जाते. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला आलेल्या पुराने तर नदीपासून दूर राहणाऱ्यांचाही धोका दाखवून दिला. तळमजल्यावरील ग्रंथालयात दुर्मीळ पुस्तके, जुनी हस्तलिखित नियतकालिके आणि दाखलनोंद वही वरच्या फळ्यांवरच ठेवावीत. नुसत्या नळाच्या गळतीतही हीच खबरदारी उपयोगी पडते.

३. साहित्य जमवा

यातील बहुतेक वस्तू रविवार पेठेतील बोहरी आळीत एकाच फेरीत मिळतात.

- दोन इंची, मऊ केसांचे रंगाचे नवे ब्रश, तीन-चार
- धुतलेले जुने सुती कापड. धोतराचे किंवा जुन्या साडीचे कापड उत्तम
- एन-९५ मास्क आणि पातळ हातमोजे
- घट्ट उभा राहणारा घोडा, म्हणजे घडीची शिडी
- आर्द्रतामापक, एक किंवा दोन
- पांढरे टीपकागद किंवा न छापलेला वर्तमानपत्री कागद
- पेन्सिली, चिठ्ठ्या आणि प्लॅस्टिकचे क्रेट

पिसांचा झाडू घेऊ नका. तो धूळ उचलत नाही, केवळ या फळीवरून त्या फळीवर नेतो. व्हॅक्युम क्लिनर असल्यास त्याच्या तोंडाला मलमलीचा तुकडा बांधून कमी जोरावर वापरावा, म्हणजे सुटलेले पान आत ओढले जात नाही.

४. मोठी सफाई मे महिन्यात करा

बहुतेक शाळांत मोठी सफाई दिवाळीच्या सुट्टीत होते. ती मे महिन्यात करावी असे माझे ठाम मत आहे. वार्षिक परीक्षा संपलेल्या असतात, बाहेर दिलेली पुस्तके परत आलेली असतात, हवा कोरडी असते, आणि मुख्य म्हणजे साचलेली धूळ पावसाळ्यापूर्वी निघते. जूनच्या मध्यास शाळा उघडते तोवर पाऊस आलेला असतो आणि मग उशीर झालेला असतो.

एका वेळी एकच फळी हाती घ्या, आणि सुरुवात वरून करा. पुस्तके ज्या क्रमाने होती त्याच क्रमाने टेबलावर मांडा. प्रत्येक पुस्तक घट्ट मिटलेले धरून त्याची वरची कड ब्रशने झाडा. ब्रश कण्याकडून बाहेरच्या बाजूला न्यावा, म्हणजे धूळ कण्याच्या पोकळीत जात नाही. त्यानंतर मुखपृष्ठे कोरड्या कापडाने पुसा. हे काम खिडकीपाशी किंवा व्हरांड्यात करा आणि मास्क काढू नका. दोघांनी मिळून पाच फळ्यांचे एक कपाट नीट करायला साधारण दोन तास लागतात, त्यानुसार दिवस ठरवा.

रिकामी फळी पिळून काढलेल्या कापडाने पुसता येते, पण ती पूर्ण वाळल्याखेरीज पुस्तके परत ठेवू नका. घाईत सर्वांत जास्त चूक इथे होते. पत्र्याची फळी हाताला कोरडी लागते, परंतु कोपऱ्यांत आणि सांध्यांत पाणी राहते, आणि दार लावले की आत कोंदट हवा तयार होते. मी फळी पुसल्यावर पंखा लावून निदान अर्धा तास थांबतो.

पुस्तके परत लावताना ती उभी ठेवा, इतकी सैल की एक पुस्तक सहज निघेल आणि इतकी घट्ट की कोणतेही कलंडणार नाही. पुस्तक काढताना कण्याचा वरचा भाग बोटाने ओढण्याची सवय शिक्षकांनाही असते आणि त्यानेच कणे फाटतात. शेजारची दोन पुस्तके थोडी मागे ढकलून मधले पुस्तक मध्यभागी धरून काढावे. नकाशासंग्रह आणि मोठ्या आकाराचे कोश आडवे ठेवावेत, मात्र एकावर एक तीनपेक्षा अधिक नकोत.

५. फरशीच्या बादलीकडे लक्ष ठेवा

हा विषय किरकोळ वाटेल, म्हणून त्याला स्वतंत्र क्रमांक दिला आहे. शाळेतील मावशी किंवा काका रोज फिनेलच्या पाण्याने फरशी पुसतात, आणि ते पाणी खालच्या फळीवरील पुस्तकांच्या पायथ्याशी उडते. वर्षभरात त्या पुस्तकांची खालची कड फुगलेली आणि पिवळी पडलेली दिसते. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही, कारण त्यांना हे कोणी सांगितलेलेच नसते. मी मावशींना एक फुगलेले पुस्तक दाखवले आणि दोन गोष्टींची विनंती केली: ग्रंथालयात आधी कोरडा झाडू मारावा आणि मग अगदी पिळलेल्या कापडाने आठवड्यातून दोनदाच पुसावे, आणि पुसताना पंखा चालू ठेवावा. त्या दिवसापासून त्या स्वतःच खालच्या फळीसमोर पुठ्ठा आडवा धरू लागल्या. ग्रंथालयाची निगा खऱ्या अर्थाने त्यांच्याच हातात असते, तेव्हा त्यांना कारण समजावून सांगा.

६. पावसाळ्यात रोज आकडा लिहा

जून ते सप्टेंबर आर्द्रतामापकावरील आकडा दिवसातून एकदा फळ्यावर लिहून ठेवा. हे काम विद्यार्थी आनंदाने करतात आणि भूगोलाच्या तासालाही त्याचा उपयोग होतो. सापेक्ष आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर बराच काळ राहिली तर बुरशी धरण्याची शक्यता वाढते. जुलै-ऑगस्टमध्ये पुण्यात हा आकडा त्याहून पुष्कळ वर जातो. वातानुकूलन नसलेल्या खोलीत तो खाली आणणे कठीण असले तरी हवा हलती ठेवणे आपल्या हातात आहे. पाऊस पडत असताना खिडक्या बंद आणि पंखे चालू ठेवावेत. उघडीप मिळाली आणि ऊन पडले की दुपारी दोन तास खिडक्या आणि कपाटांची दारे दोन्ही उघडावीत. ऑगस्टमधील सलग सुट्ट्यांत खोली बंद राहते, त्या काळात कोणीतरी एकदा येऊन दारे उघडेल अशी व्यवस्था करा.

काचेच्या बंद कपाटांत सिलिका जेलच्या पिशव्या ठेवता येतात. निळ्या दाण्यांचा रंग गुलाबी झाला किंवा नारिंगी दाणे हिरवट पडले की त्यांची ओल शोषण्याची क्षमता संपलेली असते. ते तापवून वाळवावे लागतात किंवा बदलावे लागतात. तसेच ठेवून दिल्यास त्यांचा काही उपयोग नाही.

मोफत वाटपाच्या पाठ्यपुस्तकांचे गठ्ठे जूनमध्ये बहुधा ग्रंथालयातच येऊन पडतात, तेही जमिनीवर आणि भिंतीला लागून. ते फळीवर किंवा बाकावर ठेवण्याचा आग्रह धरा.

७. कीड : काय करावे आणि काय करू नये

डांबरगोळ्या वापरू नका. मुले ज्या खोलीत बसून वाचतात तेथे नॅफ्थलीनचा वास भरून राहणे योग्य नाही, लहान मुले त्या गोळ्या तोंडात घालू शकतात, आणि जी-सिक्स-पीडी या विकराची जन्मजात कमतरता असलेल्या मुलांत नॅफ्थलीनमुळे रक्तातील तांबड्या पेशी फुटू शकतात. कडुनिंबाचा वाळलेला पाला किंवा वेखंड ठेवण्याची आपली जुनी पद्धत आहे आणि ती मीही पाळतो, परंतु पाला पानांमध्ये ठेवल्यास कागदावर डाग पडतात. तो सुती पुरचुंडीत बांधून फळीच्या कोपऱ्यात ठेवावा आणि दर दोन-तीन महिन्यांनी बदलावा. एवढ्याने वाळवी थांबत नाही, हेही लक्षात असू द्या.

वाळवीसाठी व्यावसायिकांनाच बोलवावे लागते. पुस्तकांवर आणि कपाटांवर औषध फवारून जाणारा माणूस नको. भिंत आणि फरशी यांच्या सांध्यात ठरावीक अंतरावर छिद्रे पाडून औषध सोडणारा हवा. बांधून झालेल्या इमारतींतील वाळवीप्रतिबंधासाठी भारतीय मानक ६३१३ चा तिसरा भाग आहे. दरपत्रक मागताना त्याचा उल्लेख करा, कोणते औषध वापरणार ते लेखी घ्या, आणि काम सुट्टीत करून खोली पुरेसे दिवस हवेशीर ठेवा.

देणगीची पुस्तके हा कीड येण्याचा मोठा मार्ग आहे. एखाद्या पालकांनी आजोबांच्या संग्रहातील दोन खोकी आणून दिली की आपण कृतज्ञतेने ती त्याच दिवशी कपाटात लावतो. तसे करू नये. प्रत्येक खोके आधी निराळ्या खोलीत उघडावे, पुस्तके झाडून दोन-तीन आठवडे वेगळी ठेवावीत, आणि भुसा किंवा जिवंत किडा दिसला नाही तरच त्यांना दाखल क्रमांक द्यावा. कपाटांशेजारी डबा खाण्यास मात्र मुले आणि शिक्षक दोघांनाही मनाई असावी, कारण सांडलेल्या कणांवर झुरळे आणि उंदीर येतात.

८. पुस्तक भिजले तर

वेळ फार थोडा असतो. भिजलेल्या कागदावर साधारण ४८ तासांत बुरशी धरू लागते. मी पहिल्या वर्षी भिजलेली पुस्तके गच्चीवर कडक उन्हात उघडी टाकली, आणि संध्याकाळपर्यंत पुठ्ठे वाकडे झाले, शाई फिकी पडली, आणि गुळगुळीत कागदाच्या सचित्र पुस्तकांची पाने एकमेकांना अशी चिकटली की ती पुन्हा सुटलीच नाहीत. योग्य क्रम असा आहे.

आधी विजेचा मुख्य खटका बंद करा. भिजलेली पुस्तके उघडू नका. मिटलेलीच क्रेटमध्ये उचलून सावलीत न्या. सचित्र, गुळगुळीत कागदाची पुस्तके सर्वांआधी हाती घ्या, कारण त्यांची पाने वाळण्यापूर्वीच एकेक करून सोडवावी लागतात. अर्धवट ओल्या पुस्तकांत दर दहा-पंधरा पानांमागे टीपकागद घालून तो भिजला की बदलत राहा. पंखा चालू असलेल्या खोलीत पुस्तके पाने थोडी फाकवून उभी करा, वाऱ्याचा झोत मात्र थेट पानांवर नको. जवळजवळ वाळल्यावर ती मिटून वर वजन ठेवावे, म्हणजे पुठ्ठा सरळ राहतो. एकाच वेळी पुष्कळ पुस्तके भिजली आणि हात कमी असले, तर महत्त्वाची पुस्तके प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करून फ्रीझरमध्ये ठेवता येतात; बुरशीची वाढ थांबते आणि नंतर सवडीने एकेक वाळवता येते.

बुरशी आधीच धरली असेल तर पुस्तक पूर्ण वाळवून मग मोकळ्या हवेत मऊ ब्रशने ती झाडावी. ओली बुरशी पुसल्यास ती कागदात आणखी मुरते. हे काम मास्क आणि हातमोजे घालून मोठ्यांनीच करावे. दमा किंवा ॲलर्जी असलेल्या सहकाऱ्यांना यात घेऊ नका, आणि विद्यार्थ्यांना तर मुळीच नाही.

९. दुरुस्ती आणि बांधणी

फाटलेल्या पानाला सेलोटेप लावू नये. काही वर्षांत त्याचा गोंद पिवळा पडून कागदात उतरतो, पट्टी गळून जाते आणि डाग राहतो. त्याऐवजी पातळ, लांब तंतूंच्या टिश्यू कागदाची अरुंद पट्टी गव्हाच्या सत्त्वाच्या पातळ खळीने लावावी. जुने बांधणीकार खळीत मोरचूद घालतात, त्यामुळे किडे येत नाहीत. परंतु मोरचूद विषारी आहे, तेव्हा शाळेत मुलांसमोर खळ करताना ते वापरू नये. मासिकांच्या आणि पातळ पुस्तकांच्या पिना पावसाळ्यात गंजून कागद खातात, म्हणून त्या काढून दोऱ्याने टाके घालावेत.

कणा सुटलेली पुस्तके बाहेर द्यावी लागतात. अप्पा बळवंत चौकाच्या परिसरात आणि लगतच्या पेठांत बांधणीचे काम करणारे कारागीर मिळतात. देताना तीन गोष्टी स्पष्ट सांगा: कडा कापून पुस्तक लहान करू नये, शक्य तेथे शिलाई करावी, आणि मूळ मुखपृष्ठ आत बांधावे. मुलांचा ओढा मुखपृष्ठाच्या चित्राकडे असतो. ते काढून काळे रेक्झिन चढवलेले पुस्तक फळीवर तसेच पडून राहते, हे मी वारंवार पाहिले आहे. दिलेल्या प्रत्येक पुस्तकाचा दाखल क्रमांक लिहून कारागिराची सही घ्या.

१०. पडताळणी आणि निर्लेखन

वर्षातून एकदा दाखलनोंद वहीशी पुस्तके ताडून पाहा. केंद्र सरकारच्या सामान्य वित्तीय नियम २०१७ मधील नियम २१५ नुसार वीस हजारांपर्यंत ग्रंथ असलेल्या ग्रंथालयाने दरवर्षी संपूर्ण पडताळणी करावयाची असते, आणि वर्षभरात वाचकांना दिलेल्या दर हजार ग्रंथांमागे पाच ग्रंथ गहाळ होणे, त्यात अप्रामाणिकपणा किंवा हलगर्जी नसल्यास, वाजवी मानले जाते. हा नियम केंद्रीय कार्यालयांसाठीचा आहे आणि तुमच्या शाळेला तिच्या संस्थेचे किंवा शासनाचे नियम लागू असतील, तरीही मुख्याध्यापकांशी बोलताना हे प्रमाण उपयोगी पडते. चार पुस्तके हरवतील या भीतीने कपाटांना कुलूप लावून ठेवणाऱ्या शाळा मी पाहिल्या आहेत. बंद कपाटातच बुरशी सर्वांत लवकर धरते आणि चाळीस पुस्तके जातात.

निर्लेखन करताना स्वतःच्या निर्णयाने एकही पुस्तक रद्दीत देऊ नका. पाने गळालेली, वाळवीने खाल्लेली, कालबाह्य अभ्यासक्रमाची अशी कारणांसह यादी करा, दोन-तीन शिक्षकांच्या समितीकडून ती तपासून घ्या, शाळा समितीची मंजुरी घ्या, आणि मगच दाखलनोंद वहीत त्या क्रमांकासमोर लाल शाईने ठरावाचा क्रमांक व दिनांक लिहा. दाखल क्रमांक पुन्हा दुसऱ्या पुस्तकाला देऊ नये.

११. रोजची व्यवस्था

परत आलेली पुस्तके थेट फळीवर न जाता एका ट्रेमध्ये जावीत आणि तेथे फाटके, ओले, रेघोट्या मारलेले पुस्तक वेगळे काढावे. पावसाळ्यात दारातच छत्र्या आणि रेनकोट ठेवण्याची जागा करा. पुस्तक घरी नेणाऱ्या प्रत्येक मुलाला प्लॅस्टिकची पिशवी द्या, आणि पुस्तक भिजले तर न घाबरता लगेच आणून द्यायला सांगा. दंडाच्या भीतीने मुले भिजलेले पुस्तक घरी दडवतात आणि ते महिन्याभराने बुरशीसह परत येते. आमच्याकडे भिजल्याबद्दल दंड घेत नाहीत.

पाचवी ते आठवीच्या मुलांचा एक गट आठवड्यातून एकदा एक फळी लावतो. दशांश वर्गीकरणातील, म्हणजे पुस्तकांना विषयवार क्रमांक देण्याच्या ड्यूई पद्धतीतील, ५०० म्हणजे विज्ञान, ८०० म्हणजे साहित्य, ९०० म्हणजे इतिहास-भूगोल एवढे त्यांना समजले की पुस्तके जागेवर जातात. लहान मुलांच्या गोष्टींसाठी मात्र क्रमांकांऐवजी रंगीत पट्ट्या पुरतात. १५ ऑक्टोबरच्या वाचन प्रेरणा दिनापूर्वीचा आठवडा आम्ही या कामासाठी राखून ठेवतो, कारण तोपर्यंत पाऊस सरलेला असतो आणि ऑक्टोबरच्या उन्हात सर्व कपाटांची दारे दिवसभर उघडी ठेवता येतात.